लागू नसेल ते खोडावे

“बाई, तुम्ही वारलेल्या आहात,” दवाखान्याच्या रेकॉर्डचे कारकून म्हणाले, आणि त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवून एका ओळीवर बोट ठेवलं.

त्यांचं नाव पन्हाळकर. माणूस वाईट नव्हता. आवाजात थोडा हळहळीचा सूरही होता, फक्त ती हळहळ माझ्यासाठी होती की माझ्या मागं उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्यासाठी, ते कळत नव्हतं. रजिस्टरात लाल शाईनं लिहिलेलं होतं: हेरेकर प्रमिला, वय ३८, आजरा. पुढं चार वर्षांपूर्वीची तारीख. त्याच्या पुढं, मयत.

आमचे हे आजऱ्याचे पोस्टमास्तर. कागदाचा मान राखणारा माणूस. ते पुढं झाले, चष्मा पुसून त्यांनी नोंद दोनदा वाचली आणि म्हणाले, नोंद नियमाप्रमाणं बरोबर आहे. मी त्यांच्याकडं बघितलं तशी ते घाईनं म्हणाले, म्हणजे तिच्यात दुरुस्ती करायची आहे.

पन्हाळकरांचं म्हणणं, दुरुस्तीला केसपेपर लागतो. मयताचे केसपेपर वरच्या माळ्यावर. ते काढायचे तर जवळच्या नातेवाइकाचा लेखी अर्ज पाहिजे. ह्यांनी विचारलं, ती स्वतः अर्ज देऊ शकत नाही का? पन्हाळकर म्हणाले की मयत व्यक्तीचा अर्ज आजवर आलेला नाही, आल्यास कुठल्या फायलीला लावायचा ते साहेबांना विचारावं लागेल. मग हे बाकावर बसले, पिशवीतून कोरा कागद काढला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहू लागले: ‘माझी मयत पत्नी समक्ष हजर असून...’

आता सांगताना हसू येतं. दवाखान्याचं नाव मी सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, आमची होती. आणि त्या दिवशी हसायला मला सवड नव्हती. मी जिवंत आहे असं डॉक्टरीणबाईंच्या सहीनं लिहिलेला एक कागद मला पाहिजे होता. तोही वेळेत पाहिजे होता, कारण तिकडं आमच्या गुरवाची कांचन औषध न घेताच मरायला घरी बसली होती.

कांचन म्हणजे आमच्या देवळाच्या दत्तू गुरवांची धाकटी लेक. सत्तावीस वर्षांची, संकेश्वरला दिलेली, बोलायला फटकळ. देवळात उत्सव होता, रोज दुपारी चारला कीर्तन. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. आधी पूर्वरंग, म्हणजे बुवा निरूपण करणार. मग मध्ये बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा, सगळ्यांनी नामाचा गजर करायचा. आणि मग उत्तररंगात गोष्ट, आख्यान. पुष्कळ जण आख्यानापुरते येतात. मी समई लावल्यापासून बसते. त्या दिवशी गजर चालू झाला आणि मी बघितलं, खांबाला टेकून कांचन बसलीय, टाळी वाजवत नाही, नुसती बघतेय. चेहरा हळदीसारखा.

कीर्तन संपल्यावर तिला गाठलं. तिनं सरळ सांगितलं. अंडाशयाला गोळा आला होता, कोल्हापूरला काढला. कॅन्सर. त्यातही दुर्मीळ जातीचा, अंडाशयाच्या शंभर रोग्यांतल्या दोन-चार जणींना होतो तो. ग्रॅन्युलोसा की असंच काहीतरी नाव.

मी म्हटलं, ग्रॅन्युलोसाच. मलाही तोच.

तिला माहीत होतं. गावाला सगळंच माहीत असतं. ती म्हणाली, “तुमचा साधा असणार, काकू. माझा पोटात फुटलेला निघाला.”

डॉक्टर किल्लेदारबाईंनी तिला सहा महिन्यांची इंजेक्शनं सांगितली होती, सलाईनमधून द्यायची. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू करा म्हणाल्या. त्यातले चार संपले होते. किल्लेदारबाई म्हणजे विचारलं तर खरं सांगणारी बाई, न विचारलं तर गप्प. कांचननं विचारलं होतं. आजवर किती जणी, आणि त्यांचं काय झालं. बाईंनी वही उघडून सांगितलं, एकूण अकरा, त्यातल्या सहा हयात. कांचननं पुढं विचारलं, माझ्यासारख्या फुटलेल्या किती?

“तिघी,” कांचन मला म्हणाली. “तिघीही गेल्या. आता तुम्ही सांगा, केस घालवून, वांत्या करून, सहा महिने त्या खाटेवर पडून जायचं, की इथं देवळात बसून जायचं? मी केसांनिशी जाते.”

माझ्या हातात प्रसादाची वाटी होती, ती मी खाली ठेवली. कारण माझाही गोळा फुटलेलाच निघाला होता. तोच दवाखाना, त्याच बाई. मी बोटांवर मोजलं. कसंही मोजलं तरी त्या तिघींतली एक मीच निघत होते.

मी तिला तसं सांगितलं. तिनं माझ्याकडं फार मायेनं बघितलं, आणि मला कळलं की तिचा काडीचा विश्वास बसलेला नाही. मला धीर द्यायला तुम्ही काय वाटेल ते सांगाल, म्हणाली. आणि तुमच्या सांगण्याचं काय घेऊन बसलात, तुम्ही मेल्याचं पण कळवलं होतंत की पाहुण्यांना. त्यांनी आंघोळी केल्या होत्या तुमच्या नावानं.

आता तेही सांगायला पाहिजे.

त्याच्या चार वर्षं आधी माझं सहावं इंजेक्शन झालं आणि मी घरी आले. डोक्यावर एक केस नाही. भुवयाही नाहीत. हे मला बघून आधी आपला चष्मा काढून तपासायचे. घरात ह्यांची अंबूआत्या, ह्यांना तिनंच वाढवलेलं, शब्द वज्रलेप. ती म्हणाली, पोरी, उन्हात बस, डोकं शेकलं की केस येतात. म्हणून मी परसात पोह्याच्या पापडांची राखण करत बसले होते, डोक्यावर पदरही न घेता, आणि एक कावळा आला, पापडावर न बसता माझ्या डोक्यावर बसला. चांगला ऐसपैस बसला. मी ओरडेपर्यंत त्यानं जागा बदलून पाहिली.

आत्यानं ते मागल्या दारातून बघितलं आणि तिथंच मटकन बसली.

डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण आलं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. त्यावर तोडही ठरलेली आहे. माणूस मेल्याची खोटी बातमी पाहुण्यांना धाडायची. त्यांनी खरोखर रडायचं. रडणं झालं की मरण झालं, हिशेब मिटला, यम दुसरीकडं जातो. तेराव्या दिवशी दुसरं पत्र धाडायचं, खुशाल आहे, काळजी नसावी. पाहुणे चिडत नाहीत. रीतच ती.

ह्यांनी दोन दिवस विरोध केला. मग रात्रीत माझा ताप चढला तसे गप झाले आणि नातेवाइकांची यादी केली. एकोणीस पत्रं. पत्राच्या माथ्यावर श्री नाही, शेवटी आशीर्वाद नाही. आपल्या हातानं शिक्के मारले बिचाऱ्यांनी. असलं पत्र घरात ठेवायचं नसतं, वाचलं की फाडून टाकायचं, त्यामुळं एकोणीस घरी ती वाचली गेली, रडून झालं आणि फाडली गेली. कुठं काही उरलं नाही.

विसावं मात्र उरलं. त्याच आठवड्यात दवाखान्याचं जोडकार्ड आलं होतं, अर्धं आपण भरून परत धाडायचं. त्यावर छापलेलं: ‘रुग्ण हयात / मयत. लागू नसेल ते खोडावे.’ हे ते बाजूला ठेवत होते. आत्यानं विचारलं, काय ते? ह्यांनी वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, बघ, देवच विचारतोय. आणि ती डॉक्टरीण हिच्यासाठी रडली तर? सख्खी आहे का ती? परक्याचं रडणं दसपट चढतं. 

ह्यांनी पट्टी घेतली आणि ‘हयात’ खोडलं. सरळ रेघेत.

तेराव्या दिवशी दुसरी पत्रं गेली ती एकोणीसच. यादी नातेवाइकांची होती, दवाखाना तिच्यात नव्हता. कुणाच्या ध्यानात आलं नाही. ताप उतरला, केस आले, आधी कुरळे आणि मग नेहमीसारखे. दवाखान्याचं बोलावणं पुन्हा आलं नाही. आत्या म्हणाली, जिथं आपण मेलो तिथं तोंड दाखवू नये. आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला बरं वाटलं. त्या खाटा, तो वास, परत कोण जाणार? देवानं सोडवलं म्हणून मी दर एकादशीला साखर वाटली.

तर ह्यांचा अर्ज घेऊन पन्हाळकर माळ्यावर गेले आणि डोक्याला कोळिष्टकं लावून, केसपेपर घेऊन खाली आले. आम्हाला किल्लेदारबाईंच्या खोलीत नेलं. दारातूनच म्हणाले, बाई, ते आजऱ्याचं मयत आलंय.

किल्लेदारबाई लिहीत होत्या. मान वर केली. मी हात जोडले. त्यांनी पेन खाली ठेवलं, त्याचं टोपण शोधलं, ते लावलं, आणि एवढ्या वेळात एकदाही माझ्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाल्या, पलंगावर झोपा. पोट तपासलं, टाके बघितले. टाके त्यांनी ओळखले. स्वतः घातलेले होते ना. रक्त काढून घ्यायला सांगितलं. 

मग ह्यांनी झाला प्रकार सांगायला घेतला. कावळा, आत्या, कार्ड. एखाद्या तक्रारअर्जाला उत्तर द्यावं तसं मुद्देसूद. बाई ऐकत होत्या. कावळ्यापाशी त्यांनी एकदाच विचारलं, किती वेळ बसला होता? मी म्हटलं, थोडाच. त्यांनी मान हलवली, जणू केसपेपरवर लिहायचं होतं.

“मी तुम्हाला पत्र पाठवलं होतं,” त्या म्हणाल्या. “कार्ड आल्यावर लगेच. त्यात पाच प्रश्न होते. ताप होता का. रक्त गेलं का. दम लागला का. कितव्या दिवशी. शेवटी काय झालं.”

हे एकदम ताठ झाले. पत्र आलं होतं. रजिस्टर टपालानं नव्हतं, साधंच होतं, ह्यांनीच वर्गवारीत बघितलं होतं आणि घरी आणलं होतं.

“मग उत्तर?”

मी म्हटलं, “आत्यांनी फाडलं. मयताच्या नावाचं पत्र घरात ठेवत नाहीत.”

“वाचून फाडलं?”

“न वाचता.”

बाई खिडकीकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घाईनं कांचनचं सांगितलं. दोन आठवडे राहिलेत, तुमच्या सहीचा एक कागद द्या, त्या तिघींतली एक जिवंत आहे एवढंच लिहा, मी तिच्या हातात नेऊन देते.

“कागद देणार नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्या गावात कागदाचं काय होतं ते मी बघितलं. रविवारी मी येते.”

बाहेर पन्हाळकर अडचणीत होते. रजिस्टरात हयात असलेला मयत होतो त्याला रकाना होता, मयत झालेला परत येतो त्याला नव्हता. हे आणि ते दोघं डोकी जोडून बसले. शेवटी लाल शाईच्या खाली हिरव्या शाईनं लिहिलं गेलं, ‘पुनश्च हयात’, आणि दोघांनी सह्या केल्या. परतीच्या गाडीत हे म्हणाले, माणूस कामाचा आहे.

रविवारी उत्सवाचा शेवटचा दिवस. निगुडकरबुवांचं कीर्तन, देऊळ भरलेलं. बुवांचा पूर्वरंग अर्ध्यावर आला असेल, तेवढ्यात दारात किल्लेदारबाई. सुती पातळ, हातात फाइल. गुरवांच्या घरी गेल्या तर कुलूप, शेजारणीनं सांगितलं सगळे देवळात. चपला काढून त्या आत आल्या आणि मागं उभ्या राहिल्या, वर्गात उशिरा आल्यासारख्या. कांचननं त्यांना बघितलं आणि खांबाआड सरकली.

मी उठून बुवांच्या कानाशी गेले. कीर्तनाच्या मध्ये बुवांच्या कानाशी जाणं म्हणजे काय ते जाणणारे जाणतात. पण मी गेले आणि दोन वाक्यांत सांगितलं. निगुडकरबुवा मोठ्या मनाचे. त्यांनी पूर्वरंग आवरता घेतला, हार-बुक्क्याची वेळ आली तेव्हा गळ्यात पडणारा हार हातानं थांबवला आणि म्हणाले, आज हा हार या ताईंना. अंबूआत्या पहिल्या रांगेत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं या कोण, तिनं बुवांच्या हातातला हार घेतला आणि बाईंच्या गळ्यात घातला, कपाळाला बुक्का लावला. बाई नको नको म्हणेपर्यंत माखल्या.

बुवा गादीवरून बाजूला झाले. “या,” म्हणाले. “इथं उभ्या राहून सांगा.”

कीर्तनकार उभा राहतो ती जागा नारदाची. तिथं उभं राहून खोटं बोललं तर जीभ झडते, असं आम्ही दुधाबरोबर प्यायलेलो. बाईंना हे माहीत नव्हतं. त्या फक्त उजेड बरा आहे म्हणून गेल्या असतील. पण कांचनला माहीत होतं. ती खांबाआडून पुढं येऊन बसली.

“आमच्या दवाखान्यात बारा वर्षांत या आजाराच्या अकराजणी आल्या,” बाई म्हणाल्या.

बाळू सुताराची तबल्यावर थाप पडली. त्याचा दोष नाही. त्या जागेवरून वाक्य संपलं की थाप द्यायची, हीच त्याची वीस वर्षांची सवय. बाई दचकल्या. फाइल सावरली.

“नावं मी सांगत नाही. त्यातल्या सहा हयात...”

पेटीनं सूर धरला. बायकांनी टाळ्यांवर नाम सुरू केलं. सहाजणी जिवंत आहेत ही काय वाईट गोष्ट आहे? बाई थांबल्या, गजर ओसरायची वाट बघितली, मग म्हणाल्या, “चूक. सात.”

मग तर विचारू नका. दत्तू गुरवांनी घंटा वाजवली. बुवा स्वतः झांज घेऊन उभे राहिले. मी म्हणते, इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, पण एका आकड्यावर देऊळ असं उठलेलं बघितलं नाही. किल्लेदारबाई कपाळावरचा बुक्का पुसत उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललेलं दिसलं.

“ज्यांचा गोळा पोटात फुटलेला होता अशा तिघी,” त्या म्हणाल्या, आणि हात वर करून बाळूला थांबवलं. “पहिली. ऑपरेशन झालं, सहा इंजेक्शनं झाली. दीड वर्षानं आजार परत आला. गेली. दुसरी. ऑपरेशन, सहा इंजेक्शनं. सहावं घेऊन घरी गेली आणि एकवीस दिवसांत गेल्याचं कार्ड आलं. मला वाटलं, माझ्या औषधानं गेली. ती तिथं बसलीय.”

सगळं देऊळ माझ्याकडं वळलं. कुणीतरी खुदकन हसलं, मग दहाजण हसले, बाळूनं राहावलं नाही म्हणून थाप दिलीच. मीही हसत होते. अंबूआत्या तर ओळीला मान फिरवून सांगत होती, मीच केलं ते, मीच.

“तिसरी,” बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. “तिसरीनं इंजेक्शनं घेतली नाहीत.”

“का?” कांचननं विचारलं. बसल्या जागेवरून, मोठ्यानं.

बाईंनी फाइल मिटली.

“तिनं विचारलं, माझ्यासारख्या किती होत्या, त्यांचं काय झालं. तुम्ही विचारलंत तसंच. मी म्हटलं, दोघी. एक आजारानं गेली, एक बहुतेक औषधानं. ती म्हणाली, मग मी घरी जाते. मी अडवलं नाही. दाखवायला माझ्यापाशी एकही जिवंत बाई नव्हती.”

हसणारे हसता हसता थांबले. प्रत्येकाला एकाच वेळी कळलं नाही, रांगारांगांनी कळत गेलं. पेटीचा भाता दाबलेला होता, तो हळूहळू वारा सोडत बसला. शब्दांना कधी न अडणारे निगुडकरबुवा खाली बघत होते. अंबूआत्यानं पदर पुढं ओढून तोंड झाकलं. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, आणि कावळा परसात आला की घरात जायची.

त्या तिसरीचं नाव मी बाईंना नंतर विचारलं. गाव तरी सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं नाही. देवापुढं हात जोडले की सगळ्यांची नावं घेते मी, शेवटी एका ठिकाणी थांबते, आणि तिथं काही म्हणता येत नाही.

त्या दिवशी आख्यान झालं नाही. लोक उठेनात आणि बसेनातही. कांचन बायकांच्या पायांतून वाट काढत आली. डॉक्टरीणबाईंकडं गेली नाही, माझ्याकडं आली. समोर बसली.

“काकू, तुमचा खरंच फुटलेला होता?”

“होता.”

“सहाही घेतलीत?”

“सहाही.”

ती माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही जिवंत आहात याचा मला इतका राग येतोय, की काय सांगू.”

मी म्हटलं, “येऊ दे.”

 बाजूला तिचे वडील उभे होते, हातात घंटेची दोरी तशीच. शेवटी तिनं विचारलं, “उद्या कोल्हापूरची पहिली गाडी कितीला?”

“पावणेसात.”

मी सव्वासहाला स्टँडवर गेले तर ती आधीच येऊन बसली होती. पिशवीत दोन साड्या, एक तांब्या. दोघींनी खिडकीकडची जागा एकमेकींना देऊ केली आणि शेवटी ती खिडकीला बसली. गाडी सुटली तशी म्हणाली, आता मला धीरबीर देऊ नका. मला काय होणार तेवढं सांगा. खरं.

मी आयुष्यभर ऐकत आलेली बाई. सांगायची सवय नाही. पण सांगितलं. पहिल्या दिवशी काही कळत नाही, म्हटलं. सलाईन लावतात, हात गार पडतो. तिनं विचारलं, पुढं? पुढं तिसऱ्या दिवशी उलट्या. पाणीही ठरत नाही. लिंबू चाटायला ठेवायचं. पुढं? पुढं तोंडाला चव राहत नाही, भात लाकडासारखा लागतो, तरी गिळायचा. पुढं? सतराव्या दिवशी सकाळी उठशील तेव्हा केस उशीवर असतील. तिनं वेणी पुढं घेऊन हातात धरली. पुढं? म्हणाली. पुढं रडायला येतं आणि कारण काही नसतं. चौथ्या वेळी वाटतं, आता नको. मी पळून जिन्यापर्यंत गेले होते. हे मला आणायला आले आणि माझ्याबरोबर जिन्यावर तासभर बसले.

उत्तूर मागं पडलं. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि आमच्यापाशी रेंगाळला, तोही ऐकत होता.

तिचं पुढं काय झालं तेही इथंच सांगते, लपवायचं आता माझ्यानं होत नाही. सहाही इंजेक्शनं झाली. बारा वर्षांनी तो परत आला. या आजाराची ती खोडच आहे, इतक्या वर्षांनीसुद्धा येतो. म्हणून तपासणी चुकवायची नसते, ती आम्ही दोघीही चुकवत नाही. पुन्हा ऑपरेशन झालं. आज ती संकेश्वरात आहे, पन्नाशी उलटलेली, फटकळ. त्यातलं बाकीचं तिनं सांगावं, ते तिचं आहे.

त्या दिवशी मात्र निपाणीचा नाका दिसू लागला होता आणि माझं सांगायचं सगळं संपलं होतं. सहावं इंजेक्शन, सहावी सुटी, घराचा उंबरा. तिनं वेणी सोडून दिली आणि माझ्याकडं वळली.

“पुढं?”

“पुढं काही नाही गं,” मी म्हटलं. “पुढं मी आहे.”